एका नळीत दोन बार

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी गजाने ठासून भरायच्या बंदुकीत बार अडकला की माणसं पहिल्यांदा गजावर हातोडा मारतात, आणि तो हलेनासा झाला की आम्हा बंदूक दुरुस्त करणाऱ्यांकडे येतात. सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात आणि वर्षभर कोपऱ्यात उभी असलेली बंदूक एकदम आठवते.

त्या दिवशी आलेला मुलगा विशीतला. गोळी निम्म्यावर अडकलेली, गज वाकलेला. म्हणाला, "काकानू, टोपी लावन उडवूया, झाला." मी आधी घोड्याखाली टोपी, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणारी छोटी वाटी, नाही ना ते पाहिलं आणि नळी भिंतीकडे वळवली. गोळी दारूवर घट्ट टेकलेली असेल तर बार सरळ सुटतो. मध्ये पोकळी राहिली तर पेटलेल्या दारूचा सगळा दाब त्या अडकलेल्या गोळीमागे तुंबतो. नळी फुगते, नाहीतर फाटते. आणि नळीखाली नेमका डावा हात असतो.

गोळी का अडकते, हे मी प्रत्येकाला सांगतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. ती जळली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घनरूपात उरतो, आणि त्यातली बरीच किटण नळीतच बसते. तिच्यात क्षार असतात. कोकणातल्या दमट हवेत ते पाणी ओढतात, लोखंड खातात, पुन्हा सुकले की दगडासारखे होतात. त्यावरून चिंधीत गुंडाळलेली गोळी खाली जाणार कशी? लोक रॉकेल नाहीतर खोबरेल ओततात. तेलात क्षार विरघळत नाहीत. कढत पाणी आणि साबण, मग नळी कोरडी करून तेलाचा हात, एवढंच लागतं. पण लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की लोकांचा जीव खालीवर होतो, आणि याच हट्टापायी चांगल्या नळ्या सडलेल्या मी पाहतो.

निपल, म्हणजे टोपी बसते ती भोकाची खुंटी, काढून त्या भोकातून कोमट पाणी सोडलं. खालची दारू भिजून मेली पाहिजे, त्याशिवाय मी आत हत्यार घालत नाही. इथेच खटकलं. गोळी निम्म्यावर, म्हणजे खाली बरीच जागा रिकामी हवी. पण पाणी जेमतेम घोटभर गेलं आणि भोक काठोकाठ भरलं. खाली दुसरं काहीतरी होतं. मग तोंडाकडूनही साबणाचं पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं.

सकाळी पोलादी गजाला मळसूत्री आकडा लावला. गजावर पितळी कडं हवं, नाहीतर आकडा तिरका जाऊन नळीला ओरखडा पाडतो. शिशात तो सावकाश फिरवायचा. जास्त फिरवला तर शिसं फुगून गोळी उलट घट्ट बसते. दमादमाने ओढल्यावर गोळी चिंधीसकट बाहेर आली आणि मागोमाग दारूचा काळा चिखल. गज पुन्हा आत सोडला, बाहेरून मापला. तळ अजून चार बोटं लांब!

निपलच्या आट्यात ग्रीसगनचं तोंड बसवलं आणि पंप मारत गेलो. ग्रीस हवेसारखं दाबून आक्रसत नाही, त्यामुळे अडकलेली वस्तू पेस्टसारखी हळूहळू सरकत येते. काही गॅरेजवाले इथे कॉम्प्रेसरची हवा लावतात; ती वस्तू गोळीसारखीच सुटते, हे त्यांना कोण सांगणार. बाहेर आला काथ्याचा बोळा, पांढरे पडलेले छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी भिजलेली दारू. अख्खा दुसरा बार.

वडिलांना बोलावून घेतलं. ते आठवून म्हणाले, "टोपी वाजली, पण बार सुटूक नाय. मगे रवलो तसोच." हे लोकसभेच्या निवडणुकीआधीचं. त्यानंतर आचारसंहितेपायी बंदूक पोलिसांकडे जमा झाली, परत आली, पावसाळा गेला. जमा करतानाच्या पावतीवर 'रिकामी' असं लिहिलेलं आहे. आचारसंहितेत बंदुकांचा ढीग येतो, मान्य. पण गज आत सोडून बाहेर मापायला किती वेळ लागतो? भरलेली बंदूक इतक्या माणसांच्या हातांतून गेली आणि एकानेही गज टाकला नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मुलाने नवी दारू त्याच बोळ्यावर ओतली होती. मी टोपी लावली असती तर खालचा बार पेटला असता, वर त्याची दारू, मग पोकळी, मग गोळी.

नळी आतून-बाहेरून तपासली; कुठे फुगवटा नाही, तडा नाही. नवा गज केला, त्यावर दोन खाचा पाडल्या: एक रिकाम्या नळीची, एक भरलेलीची. परवाना वडिलांच्या नावावर आहे, म्हणून बंदूक त्यांच्याच हातात दिली. खाचा मात्र दोघांनाही नीट समजावल्या, कारण मुलानेच बार भरला होता आणि रात्री राखणीला तोच बसतो. त्याचं नाव परवान्यावर घालून घ्या, असं वडिलांना बजावलंय. अजून घातलेलं नाही.