डिपॉझिट घरमालकाकडे राहतच नाही

न्यूझीलंडमध्ये किरायाचं घर घेताना जे डिपॉझिट द्यावं लागतं, ते घरमालकाला स्वतःजवळ ठेवता येत नाही. इथे त्याला बॉण्ड म्हणतात. रक्कम हातात पडली की घरमालकाने पावती द्यायची आणि कामकाजाच्या २३ दिवसांच्या आत ती टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी विभागाकडे भरायची. किरायदार घर सोडेपर्यंत पैसा तिथेच. १९८६ च्या रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्टमधली ही तरतूद आहे. रक्कम भरली नाही तर टेनन्सी ट्रायब्युनल, म्हणजे किरायाचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण, घरमालकाला दंडादाखल पैसे मोजायला लावू शकतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद-दारव्ह्याकडे खोल्या किरायाने देणाऱ्याला हे ऐकून राग येईल. घर माझं, आणि पैसा ठेवायचा सरकारकडे? मला मात्र इथल्या सगळ्या कारभारात हाच नियम सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

किराया इथे आठवड्याच्या हिशेबाने ठरतो. पाळीव प्राणी नसेल तर बॉण्ड जास्तीत जास्त चार आठवड्यांचा, आगाऊ किराया जास्तीत जास्त दोन आठवड्यांचा. आठवड्याला ५०० डॉलर किराया धरला तर २,००० डॉलर बॉण्ड आणि १,००० आगाऊ. एजंटची फी किरायदाराच्या माथी मारणं डिसेंबर २०१८ पासून बंद झालंय. बॉण्ड हप्त्याने घेतला तरी प्रत्येक हप्ता वेळेत भरावाच लागतो. रक्कम जमा झाली की दोघांनाही विभागाकडून बॉण्ड क्रमांकासह कळवलं जातं. सव्वा महिना उलटूनही काही आलं नाही, तर किरायदाराने घरमालकाला विचारत बसू नये, थेट विभागाला विचारावं.

घर विकलं तरी बॉण्ड जागचा हलत नाही, फक्त फॉर्म भरून मालकाचं नाव बदलायचं. ‘डिपॉझिट जुन्या मालकाला मागा’ हे उत्तर इथे देताच येत नाही. एकत्र राहणाऱ्या तिघा किरायदारांपैकी एक जण सोडून गेला तर किरायदार बदलल्याचा फॉर्म भरावा लागतो. लोक हाच फॉर्म टाळतात. मग वर्षाने पैसे काढायच्या वेळी गेलेल्या माणसाची सही शोधत फिरावं लागतं.

घर सोडताना परताव्याच्या फॉर्मवर कुणाला किती जायचे ते लिहून दोघांनी संमती द्यायची. आकडे भरलेले नसतील तर सही करायची नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो. पटलं नाही तर प्रकरण ट्रायब्युनलकडे जातं, आणि निकाल येईपर्यंत त्या पैशाला दोघांचाही हात लागत नाही. अडवून धरायला कुणाच्या हातात काही नसलं की माणसं लवकर मुद्द्यावर येतात. या पैशाचं व्याज मात्र किरायदाराला मिळत नाही, ते याच यंत्रणेच्या खर्चासाठी वापरलं जातं.

आता आपल्याकडचं. आपले घरमालक लबाड असतात असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. डिपॉझिट घेतलं की ते स्लॅबला, बोअरला नाहीतर बियाण्याला लागतं. शिक्षक, तलाठी, बँकवाले खोली सोडतात ते बहुधा मे-जूनमध्ये, बदल्यांच्या दिवसांत. नेमकी तेव्हाच मृगाच्या पेरणीची घाई असते, सोयाबीनचं बियाणं आणि कपाशीची पाकिटं घ्यायची असतात. घरात पैसा नसतो. म्हणून ‘नवा किरायदार आला की देतो’. देतातही बरेच जण. इथल्यासारखे जुन्या घरमालकाचे दाखले आणि उधारीचा इतिहास तपासल्याशिवाय दार न उघडणारे लोकही ते नाहीत. पण दुसऱ्याचा पैसा आपल्या पेरणीत टाकायची पाळी येते, हा दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. किरायदारही मग ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापा’ म्हणतो आणि फुटलेलं बेसिन मालकाच्या अंगावर पडतं. इथे शेवटच्या दिवसापर्यंतचा किराया वेगळा द्यावाच लागतो.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखी गोष्ट कपातीची. वापराने होणारी झीज किरायदाराच्या खात्यात धरता येत नाही. उन्हाने विटलेला रंग, दाराजवळ विरलेला गालिचा, सैल झालेली कडी यांचा खर्च मालकाचा. घर ‘बऱ्यापैकी स्वच्छ’ करून द्यायचं, एवढंच किरायदाराचं काम. गालिचा पैसे देऊन व्यावसायिकाकडून धुवून घ्या अशी अट करारात टाकली तरी ती टिकत नाही. नुकसान निष्काळजीपणाने झालं असेल तर जबाबदारी चार आठवड्यांचा किराया किंवा मालकाच्या विम्यात त्याने स्वतः सोसायची रक्कम, यांपैकी जे कमी तेवढीच. मुद्दाम केलेल्या नुकसानाला ही सवलत नाही. आणि दहा वर्षं जुन्या वस्तूची भरपाई नव्या वस्तूच्या भावाने मिळत नाही, वय वजा होतं.

हाच निकष आपल्या खोलीला लावून बघा. खाऱ्या पाण्याने नळावर चढलेला पांढरा थर, ही झीज. कूलरची टाकी रोज ओसंडू दिल्याने भिंतीत मुरलेला ओलावा, हा निष्काळजीपणा. दोन वर्षांनी चुन्याचा हात द्यावा लागतो तो किरायदार राहिला म्हणून नाही, भिंत आहे म्हणून. ‘रंगरंगोटीचे’ म्हणून सरसकट एक महिन्याचा किराया कापणं मला पटत नाही. मग ते गावातल्या कितीही भल्या माणसाने कापलेले असोत.

इकडे शिकायला येणाऱ्या पोरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आधीच राहणाऱ्या किरायदाराकडून घरातली एक खोली घेतली आणि करारात तुमचं नाव नसलं, तर हा कायदा तुम्हाला लागू होत नाही. त्याला दिलेला बॉण्ड त्याच्याच खिशात राहतो आणि भांडण डिस्प्यूट्स ट्रायब्युनल या छोट्या दाव्यांच्या वेगळ्या न्यायाधिकरणात न्यावं लागतं. तो आपल्या जिल्ह्याचा आहे एवढ्यावर पैसे देऊ नका. रक्कम, तारीख आणि परत करायची मुदत कागदावर घ्या.

आपल्याकडे पैसे ठेवायला असं खातं नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा घातली आहे, पण पैसा मालकाकडेच राहतो, आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही. हाताशी आहे ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५. जिथे हा कायदा लागू आहे तिथे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल किरायदार सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘कशाला कागद, आपलाच माणूस आहे’ म्हणणारा मालक स्वतःचीच बाजू सोडून देतो. करारात डिपॉझिटचा आकडा, परतीचा दिवस आणि कशाकशाचे पैसे कापणार हे लिहून घ्या. खोलीचे, नळांचे, कूलरच्या खिडकीचे फोटो चावी देण्याआधी काढून दोघांच्याही मोबाइलवर ठेवा. मुदत मे-जूनमध्ये संपत असेल तर ती कापूस विकल्यानंतरच्या महिन्यांत आणून ठेवा.