पातळ लॅपटॉपात कुठली एसएसडी? वेगाचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

जळगावच्या गोलाणी मार्केटला जा नाहीतर ऑनलाइन बघा, पातळ लॅपटॉपाच्या खोक्यावर '५१२ जीबी एसएसडी' एवढंच छापलेलं असतं. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी ड्राइव्ह. आत मात्र चारपैकी कुठलीही वस्तू निघू शकते: बोर्डावर सोल्डर केलेली ईएमएमसी, सॅटावर (जुन्या, हळू जोडणीवर) चालणारी एम.२ पट्टी (सुटी, बदलता येणारी चपटी ड्राइव्ह), एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) पट्टी, किंवा सोल्डर केलेलं एनव्हीएमई. पुढे चार-पाच वर्षं लॅपटॉप कसा चालेल आणि जागा संपल्यावर काय करता येईल, हे बरंचसं इथेच ठरून जातं.

ईएमएमसीचं आधी उरकून घेऊ. ही मुळात मोबाइलची जात. ५.१ आवृत्तीची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, प्रत्यक्षात वाचन २५०-३०० च्या आसपास. पण आकड्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच. ती एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. विंडोज अपडेट उतरतंय, अँटिव्हायरस चाळणी करतोय आणि तुम्ही एक्सेल उघडलं, की कर्सर गोठलाच. ६४ जीबी ही विंडोज ११ ची किमान अट आहे, म्हणजे ६४ जीबीची ईएमएमसी पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेली. पोराच्या ऑनलाइन क्लासपुरता, ब्राउझरपुरता लॅपटॉप हवा असेल तरच घ्या. टॅली, फोटो, कोडिंग यांतलं काहीही करायचं असेल तर नको. दुकानात डेमो पीस चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्कवर टिचकी मारा. नव्या विंडोज ११ मध्ये एनव्हीएमई असेल तर तसं नावाखालीच लिहिलेलं दिसतं.

सोल्डर केलेलं एनव्हीएमई वेगाला कमी नसतं, फक्त नंतर बदलता येत नाही. मॅकबुक एअरचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. २०२२ च्या एम२ एअरच्या (इथे एम२ हे प्रोसेसरचं नाव, एम.२ पट्टी नव्हे) २५६ जीबी मॉडेलमध्ये फ्लॅशची, म्हणजे डेटा साठवणारी, एकच चिप होती, आधीच्या एम१ मध्ये दोन. वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे २९०० वरून १५०० एमबीवर आला. पाणी सुटल्यावर एका नळावर हंडे भरणं आणि दोन नळांवर भरणं, एवढाच फरक. म्हणून सोल्डरवालं मशीन घेत असाल तर मोठ्या क्षमतेचे पैसे खरेदीच्या दिवशीच मोजा. बजेट कमी पडत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

आता सुट्ट्या एम.२ पट्टीकडे. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. पातळ मशीनमध्ये २२४२ आणि २२३० या आखूड पट्ट्याही असतात. नवीन पट्टी मागवण्याआधी जुनी किती लांब आहे ते फूटपट्टीने मोजा, कारण शेवटच्या स्क्रूची जागा ठरलेली असते. दोन खाचा असलेली पट्टी बहुधा सॅटाची असते आणि एक खाच असलेली एनव्हीएमईची. 'बहुधा' म्हणायचं कारण असं, की स्लॉटात बसली म्हणजे चालेलच असं नाही. जुन्या लॅपटॉपांत असेही एम.२ स्लॉट आहेत ज्यांत फक्त सॅटा चालते. तिथे एनव्हीएमई घट्ट बसते, स्क्रूही लागतो आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीच दिसत नाही. ड्राइव्ह मेलेली नसते, फक्त स्लॉटची भाषा वेगळी असते. सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जाडीकडे तर कुणीच बघत नाही. काही ड्राइव्हना चिप एकाच बाजूला असतात, काहींना दोन्ही बाजूंना. पातळ लॅपटॉपात पट्टीखाली जेमतेम फट असते. दुहेरी बाजूची ड्राइव्ह दाबून बसवली तर ती मधोमध कमानीसारखी वाकते, झाकण एका कोपऱ्यात उचललेलं राहतं आणि काही महिन्यांनी ड्राइव्ह मधेच गायब व्हायला लागते. हीटसिंकवाली (वर उष्णता शोषणारा धातूचा पत्रा लावलेली) आवृत्ती तर पातळ मशीनसाठी नाहीच. एकाच बाजूची मागा, ४ टीबीच्या ड्राइव्हमध्ये तर खास विचारून.

आणि मग उष्णता. खान्देशात राहणाऱ्याने वेगाच्या आधी हे बघावं. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी लाइट गेली की कूलर बंद आणि खोली ४० च्या वर. लॅपटॉपचा पंखा आत ओढणार ती हीच हवा. एसएसडीचा कंट्रोलर (तिचा कारभार बघणारी चिप) ८० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवायला वेग पाडतो. सेकंदाला ७००० एमबी वेगाची, आठ चॅनेलची (कंट्रोलरपासून साठवणीच्या चिपांपर्यंत आठ वाटा असलेली), चौथ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीची ड्राइव्ह भरधाव लिहिताना साधारण ६ ते ८ वॅट खाते. हवा खेळायला जागा नसलेल्या डब्यात ती काही मिनिटांत तापते आणि तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेला वेग तिथेच संपतो. चार चॅनेलची, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) नसलेली ड्राइव्ह कमी तापते, बॅटरीही कमी खाते. 'डीरॅम नाही' ऐकून नाक मुरडू नका. या ड्राइव्ह एचएमबी वापरतात, म्हणजे कुठला डेटा कुठे ठेवलाय या नोंदींसाठी लॅपटॉपच्या रॅममधले काही एमबी उसने घेतात. अडचण येते ती यूएसबी डब्यात (ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या खोक्यात) लावल्यावर. तिथे एचएमबी मिळत नाही आणि ती सुस्तावते.

शिवाय ३५०० आणि ७००० मधला फरक रोजच्या कामात जाणवतच नाही. विंडोज उघडणं, टॅली सुरू होणं, ब्राउझरचे टॅब हे सगळं बारीक, विखुरलेल्या वाचनावर चालतं. एकेरी ४के वाचनात (एका वेळी ४ केबीचा एकच तुकडा वाचताना) चांगली एनव्हीएमईसुद्धा सेकंदाला ५० ते ८० एमबीच देते. मोठा आकडा फक्त अजस्र फायलींना लागू, आणि तोही समोरून तितक्याच वेगाने डेटा येत असेल तर. तुमचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा असेल तर ३५०० च्या आसपास सगळंच अडतं.

टीएलसी (चिपच्या एका कोशात तीन बिट) की क्यूएलसी (एका कोशात चार बिट), हा वाद मात्र खरा आहे, फक्त लोक चुकीच्या कारणासाठी घालतात. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला ६०० टीबीडब्ल्यूची (एकूण ६०० टीबी लिहिता येईल अशी) हमी सर्रास मिळते. क्रुशियल पी३ सारख्या क्यूएलसीला २२०. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला ७.३ टीबी होतात, २२० संपायला तीस वर्षं लागतील. तेव्हा झिजेची भीती सोडा. खरी गोम कॅशमध्ये आहे. ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग वेगवान एसएलसीसारखा (एका कोशात एकच बिट) वापरते, हीच कॅश. तो भरला की क्यूएलसी थेट १०० एमबीच्या आसपास घसरते, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीला. लग्नाचं ३०० जीबी शूटिंग एकदम ओतणाऱ्याला ते पहिल्याच रात्री कळेल, बिलं करणाऱ्याला कधीच नाही. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ही कॅश छोटी, म्हणून १५-२० टक्के जागा मोकळी ठेवाच.

बॅकअपची एसएसडी लोखंडी कपाटात टाकून विसरू नका. घरगुती एसएसडीसाठी जेडेकच्या (चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकातली अट अशी: आयुष्य संपत आलेल्या ड्राइव्हनेही विजेशिवाय, ३० अंशांत, एक वर्ष डेटा टिकवावा. तापमान वाढलं की हा काळ झपाट्याने आटतो. नवी ड्राइव्ह पुष्कळ जास्त टिकते, पण झिजलेली ड्राइव्ह पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर बंद ठेवणं हा जुगार आहे. लांबच्या साठवणीला साधी हार्ड डिस्क बरी.

ड्राइव्ह बदलायला बसताना पहिलं काम बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनचं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, किंवा क्लोन (जुन्या ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल) करण्याआधी एन्क्रिप्शन काढूनच टाका. नवी ड्राइव्ह एनव्हीएमई यूएसबी डब्यात घालून क्लोन करा, त्यासाठीचं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मग मशीन बंद करा. बायोसमध्ये अंतर्गत बॅटरी बंद करायची सोय असेल तर ती वापरा. मागचे स्क्रू कागदावर लॅपटॉपाचं चित्र काढून त्या-त्या जागी ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर कीबोर्डाला फोड येतो. रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात. झाकण प्लास्टिकच्या कार्डाने बिजागरीच्या बाजूने सोडवा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. आत गेल्यावर आधी बॅटरीची पिन काढा, मगच एसएसडीला हात. पट्टी तिरकी आत सरकवा, खाली दाबा, स्क्रू टेकेपर्यंतच आवळा. जुना थर्मल पॅड (उष्णता पत्र्याकडे नेणारा मऊ तुकडा) किंवा त्याच जाडीचा दुसरा परत लावा. जाड पॅड पट्टीला वाकवतो. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर पंख्याच्या पात्यांवर रुईच्या तंतूंचा थर बसलेला दिसेल, तोही याच वेळी ब्रशने काढा.

क्लोन न करता विंडोज नव्याने टाकताना इंस्टॉलरला ड्राइव्हच दिसली नाही, तर इंटेलच्या मशीनमध्ये बहुतेकदा व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची बायोसमधली सोय) आडवं येतं. पेनड्राइव्हवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दाखवा. व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण ते कोऱ्या ड्राइव्हवरच. आधीच बसलेल्या विंडोजखालचं व्हीएमडी बंद केलं तर निळा पडदा येतो. परत चालू केलं की विंडोज उघडतं.

सगळं झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि भर दुपारी, पंख्याखाली, ५० जीबीची फाइल कॉपी करून तापमान बघा. ६५-७० वर थांबलं तर ठीक. ८० ला टेकलं तर झाकण परत उघडा आणि पॅड मागच्या पत्र्याला खरंच टेकतोय का ते बघा.