तुम्ही विचारलेत म्हणून : किती पोती ज्वारी?

“तुमच्या पूर्वजांना मिशनऱ्यांनी किती पोती ज्वारी दिली होती?” हा प्रश्न मला आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या शब्दांत विचारला गेला आहे की, समोरच्या माणसाने घसा खाकरताच तो येणार हे मला कळते. सुशिक्षित माणसे तो जरा आडवळणाने विचारतात. “म्हणजे दुष्काळात वगैरे झाले असेल ना तुमचे धर्मांतर?” नोकरीत असताना एका सहकाऱ्याने तो डबा खाता खाता थट्टेने विचारला होता, आणि थट्टा असल्यामुळे मलाही हसून विषय बदलता आला होता. अलीकडे मात्र ओळखीतल्या एका तरुणाने तो कुठलाही डंख न ठेवता, खरोखर जाणून घेण्यासाठी विचारला. अशा माणसाला हसून वाटेला लावता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमचे घराणे अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका आडगावचे, तिथल्या महारवाड्यातले. पणजोबा वेसकर होते. गावच्या वेशीवर राखण करायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, मर्तिकाचा सांगावा दहा-दहा कोस पायी पोचवायचा आणि मेलेले जनावर ओढून न्यायचे, हे त्यांचे काम. त्याबद्दल खळ्यावर बलुते म्हणून जे धान्य पदरात पडे त्यावर घर चाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ दोन-तीन वर्षांच्या अंतराने आले, तेव्हा खळेच राहिले नाही आणि त्यामुळे बलुतेही राहिले नाही. पणजोबा आणि पणजी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. त्या काळात मिशनची ज्वारी आमच्या घरात आली होती काय? आली होती. पणजी ते कधी लपवत नसे. “साहेबाची जवारी खाल्ली म्हणून तुमचा बाप वाचला,” असे ती सांगे, हे मी वडिलांकडून ऐकले आहे.

पण मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) जुन्या नोंदवहीत पणजोबांच्या बाप्तिस्म्याचे साल १९०३ आहे. मध्ये तीन वर्षे गेली होती, पाऊस पडला होता, खळी पुन्हा उभी राहिली होती आणि बलुतेही पुन्हा सुरू झाले होते. ज्याला केवळ पोटासाठी धर्म बदलायचा आहे तो पोट भरू लागेपर्यंत कशाला थांबेल, हा साधा हिशेब प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणीच मांडत नाही. पणजोबांच्या मनात कृतज्ञता नव्हती असे मी म्हणणार नाही. ती असणारच, आणि उपकारकर्त्याचा देव माणसाला जवळचा वाटणे यात लाजण्यासारखे काय आहे हेही मला कळलेले नाही.

भुकेचा आणि बाप्तिस्म्याचा असा संबंध जोडला जाईल, ही भीती खुद्द मिशनऱ्यांनाही वाटत होती. मराठी मुलुखाबाहेरचे पण नोंदलेले उदाहरण आंध्रातल्या ओंगोलचे आहे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात तिथल्या जॉन क्लाऊ या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे कंत्राट घेऊन हजारो लोकांना मजुरी मिळवून दिली, आणि दुष्काळ चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणे जाणूनबुजून बंद ठेवले. मग ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. या आकड्याचा अर्थ कोणी कसाही लावावा. थांबण्याचा निर्णय घेतला गेला होता, एवढे त्यातून दिसते.

मला स्वतःला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला कोणी विचारत नाही. दुष्काळात आईबाप गमावलेली मुले मिशनच्या अनाथाश्रमांत आली आणि ख्रिस्ती म्हणून वाढली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढच्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. त्या आणल्या नसत्या तर त्यांतल्या कितीतरी रस्त्याकडेला मेल्या असत्या किंवा विकल्या गेल्या असत्या. रमाबाईंविषयी मला अपार आदर आहे. तरीही आठ वर्षांच्या मुलीला कोणत्या देवाला हात जोडायचे हे कोणी विचारले नव्हते, हे खरेच आहे. (तिच्या जन्मगावीही ते कोणी विचारले नसतेच, असे उत्तर मी मलाच देतो आणि ते मला पूर्णपणे पटत नाही.)

आता ‘मिशनरी’ या शब्दाकडे वळतो, कारण प्रश्नातली खरी गफलत त्या शब्दात आहे. तो शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे टोपी घातलेला गोरा साहेब येतो. तो होता, यात शंका नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले, १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले, आणि सिंथिया फॅरारबाईंच्या नगरमधल्या मुलींच्या शाळेचा उल्लेख जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या चरित्रांत येतोच. पुढे दुसरेही एक मिशन जिल्ह्यात आले. पण जिल्ह्यात शेकडो गावे, आणि साहेब मूठभर. हिवाळ्यात बैलगाडीवर तंबू टाकून साहेब दौऱ्यावर निघे, गावाबाहेरच्या आमराईत दोन दिवस उतरे, मॅजिक लँटर्नवर चित्रे दाखवी, बाप्तिस्मे देई आणि पुढच्या मुक्कामाला जाई. उरलेल्या तीनशे साठ दिवसांचे काय?

ते दिवस माझ्या आजोबांचे होते. ज्वारी खाऊन वाचलेला तो मुलगा पुढे मिशनच्या शाळेत शिकला आणि शिक्षक-उपदेशक झाला. नगरकडच्या खेड्यांत मिशनरी म्हणून जे काही पोचले ते बहुतांशी अशाच माणसांच्या पायांनी पोचले. आजोबा महारवाड्यातल्या तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या चावडीत, शाळा भरवत. सकाळी मुलांची बाराखडी आणि उजळणी, एका पाटीवर आळीपाळीने दोघे. दिवेलागणीनंतर कंदिलाच्या उजेडात मोठ्या माणसांचा वर्ग, आणि त्यात मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक चुका करत असल्यामुळे हशा पिके, असे ते सांगत. लोकांची पत्रे वाचायची, तालुक्याला अर्ज लिहायचे, हिवतापावर क्विनीन आणि खरजेवर मलम द्यायचे, रविवारी उपासना घ्यायची, पाळक (धर्मगुरू) येणार असतील तेव्हा प्रभुभोजनाची तयारी करायची, आणि रात्री टाळ-मृदंग घेऊन भजन. आजी ‘बायबल बाई’ म्हणून शेजारच्या चार-पाच गावांत पायी फिरे. तिच्या पिशवीत शुभवर्तमानाची एक लहान प्रत, डोळ्यांत घालायचे औषध आणि स्वेटरच्या सुया असत, आणि त्यांपैकी कोणती वस्तू कोणत्या घरी आधी बाहेर काढायची हे तिला अचूक कळे.

या शाळेमुळे गावात ताण येऊ लागला. बाप्तिस्मा झाला म्हणून कोणी फारसे बिघडले नव्हते. महारवाड्यात कोणता देव पुजतात याची गावाला फिकीर नव्हती. पण वाचता येणारा मुलगा सरकारी कागद वाचतो, आणि आपल्याकडून जे काम हक्काने घेतले जाते ते कागदात लिहिलेलेच नाही हे त्याच्या लक्षात येते. आजोबांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनी मेलेली जनावरे ओढायला नकार दिला, तेव्हा गावाने एका हंगामात सगळ्या वस्तीचे बलुते बंद केले. किती पोती मिळाली, असे विचारणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो की, आमच्या घराच्या इतिहासात ख्रिस्ती होण्याने ज्वारी आली त्यापेक्षा थांबली जास्त.

विहीरही उघडली नाही. बाप्तिस्म्याने माणसाचे नाव बदलले, पाणवठा बदलला नाही, हे ख्रिस्ती लिखाणात पुरेशा स्पष्टपणे येत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. त्याहून कडू गोष्ट म्हणजे आमच्याच मंडळीत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती वेगळे बसत, आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. आजोबांनी यावर एकदा उपदेश केला, आणि पुढचे दोन रविवार निम्मी मंडळी आली नाही. साहेबांच्या बाबतीतही माझ्या मनात सगळे गोड नाही. मायदेशी देणगीदारांना पाठवलेल्या पत्रांत आमची गावे नेहमी अंधारात बुडालेली असत, कारण उजेडासाठी देणगी कोण देईल? खंडोबाची आणि मरीआईची त्यांनी केलेली टिंगल आजोबांना आवडत नसे. स्वतः त्यांनी ते देव सोडले होते, तरीही ज्या देवांपुढे आपल्या आईने डोके टेकले त्यांना परक्याने हसावे हे त्यांना सोसत नसे. आणि वीस वर्षे नोकरी केलेल्या शिक्षकाने साहेबाच्या बंगल्यात बसायचे कुठे, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. आजोबा व्हरांड्यात उभे राहूनच बोलत.

या सगळ्यावर जो मराठी उतारा निघाला त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा वाटा मोठा आहे. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, नंतर ते नगरला राहिले, आणि अभंग व ओवी या छंदांत त्यांनी इतकी गीते लिहिली की आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून ती काढली तर उपासनेला बसणेच कठीण होईल. परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेली मराठी म्हणणाऱ्या खेड्यातल्या मंडळीला त्या अभंगांनी घरी आल्यासारखे वाटले. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तो मिशनच्या चौकटीबाहेर पडण्यासाठीच. मात्र टिळकांचे नाव निघाले की माझ्या मनात एक निराळाच विचार येतो. त्यांच्या धर्मांतरावर त्या काळी गदारोळ झाला, घर मोडले, लोकांनी त्यांना भ्रष्ट आणि वेडा ठरवले; पण त्यांना किती पोती मिळाली असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. ब्राह्मण धर्म बदलतो तेव्हा तो विचारान्ती बदलतो, त्याचा शोध असतो, मंथन असते. महारवाड्यातला माणूस बदलतो तेव्हा त्याचा हिशेब पायलीत होतो. पणजोबांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांचे मंथन कुठे छापले गेले नाही. तीन वर्षे ते रात्री तक्क्यात जाऊन ऐकत बसत एवढेच आम्हाला ठाऊक आहे.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. १९३० नंतरच्या मंदीत परदेशातून येणारा पैसा आटला आणि खेड्यातल्या शाळा एकामागून एक बंद पडू लागल्या. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जे घडले त्यानंतर आमच्या भावकीतली निम्मी घरे बौद्ध झाली. लग्नकार्यात आम्ही एका पंगतीला बसतो, आणि त्यांना कोणी पोत्यांविषयी विचारत नाही याचा मला थोडा हेवा वाटतो.

आजोबांच्या लोखंडी पेटीत त्यांच्या इतर कागदांबरोबर एक वही होती, ती आता माझ्याकडे आहे. मिशनकडून पगार येणे अनियमित झाले तेव्हा मंडळीतल्या बायकांनी एक प्रथा धरली. रोज सकाळी दळायला बसताना जात्यात घालण्याच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढून मडक्यात टाकायची आणि शनिवारी ते मडके देवळात (चर्चमध्ये) रिकामे करायचे. त्या मुठींवर शाळा आणखी सहा वर्षे चालली. वहीत प्रत्येक घराच्या नावापुढे आजोबांनी दर आठवड्याचे माप शाईने लिहून ठेवले आहे : ज्वारी एक शेर, बाजरी अर्धा शेर, ज्वारी चिपटे, एका विधवेच्या नावापुढे सलग चार आठवडे ‘काही नाही’ आणि पाचव्या आठवड्याला ‘ज्वारी दोन मुठी, जास्त घेतली नाही’. वर्षाअखेरीस त्यांनी बेरीज केली आहे आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. पोत्यात मोजायची झाली तर ती पावणेतीन पोती भरते.