तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना काही झालं असतं तर?

मुलांना घेऊन शिडाच्या नावेतून अटलांटिक ओलांडला हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पण दिवसभर तुम्ही करता काय?’ हा नुसता प्रस्तावनेचा प्रश्न असतो. मनातला प्रश्न जरा वेळाने, आवाज उतरवून येतो: ‘मुलांना काही झालं असतं तर?’ दोन्ही मी आजवर हसण्यावारी नेले. आता हसून हसून गाल दुखायला लागलेत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

दिवसभर आम्ही घरकाम करतो. कॅनरी बेटं ते कॅरिबियन म्हणजे सुमारे २७०० सागरी मैल, पूर्वेकडून पश्चिमेकडे सतत वाहणारे व्यापारी वारे पाठीशी घेऊन. ऐकायला बरं वाटतं. पण वारा मागून असला की नाव एका अंगाला रेलून स्थिर राहत नाही. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, जवळजवळ तीन आठवडे. शेगडी झुलती असते, त्यामुळे भांडं सरळ राहतं. स्वयंपाक करणारी मात्र राहत नाही, तिने कमरेला पट्टा बांधून घ्यायचा. आम्ही बहुतेक सगळं कुकरमध्ये शिजवायचो. झाकण घट्ट असलं म्हणजे कुकर कलंडला तरी कुणी भाजत नाही. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. कोबीची सडकी पानं काढायची, अंडी उलटी करून ठेवायची, डेकवर येऊन पडलेले उडते मासे मुलांच्या आधी उचलायचे, नाहीतर त्यांचे अंत्यसंस्कार होतात आणि त्यात अर्धी सकाळ जाते. रात्री तीन-तीन तासांचा पहारा. नवरा उठला की मी झोपणार, मी उठले की तो. इतक्या लहान जागेत राहून आमची भेट पहारा बदलताना, तीही जांभया देत.

शाळा? सकाळी, कुणाला बोट लागलेली नसेल तर. पश्चिमेकडे १५ अंश सरकलं की घड्याळ एक तास मागे, हे धाकट्याला जेवण उशिरा मिळायला लागल्यामुळे पक्कं कळलं. बाकी शाळेबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यावर भांडून झालंय.

आता दुसरा प्रश्न.

दोन्ही किनारे सारखेच लांब होते त्या सुमाराची गोष्ट. मुलगी नऊ वर्षांची. संध्याकाळी जेवली नाही, बेंबीपाशी दुखतंय म्हणाली. रात्री उलटी झाली. ताप थोडासाच. समुद्रावर उलटीचं कुणी मनावर घेत नाही, पण हिला बोट लागायची ती पहिल्या दोन दिवसांतच लागून गेली होती. पहाटेच्या पहाऱ्याला मी उठले तर ती गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, हात उजव्या बाजूला.

समुद्रावरच्या लोकांना फुकट वैद्यकीय सल्ला देणारी केंद्रं आहेत. रोमचं तर १९३५ सालापासून चालू आहे. सॅटेलाइट फोनवर डॉक्टर मिळाले. शांतपणे एकेक विचारत गेले. दुखणं सुरू कुठे झालं, सरकलं का, भूक आहे का, शेवटची शौचाला कधी गेली. (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला धड देता आलं नाही.) मग म्हणाले, तिला एका पायावर उड्या मारायला सांगा. अपेंडिक्स सुजलं असेल तर त्या हिसक्याने उजवीकडे कळ येते.

लंगडी! जिथे दोन पायांवर उभं राहायला दोन हात लागतात तिथे लंगडी.

मी फोन कानाला धरून गप्प. नवऱ्याने ऐकलं होतं. काही न बोलता त्याने कमरेचा पट्टा अडकवला आणि वर गेला. काळोखात पुढच्या शिडाची आडकाठी उतरवायची, शीड उलट्या बाजूने ताणायचं, सुकाणू वाऱ्याकडे वळवून बांधून टाकायचं. याला हीव्ह-टू म्हणतात. नाव वाऱ्याला खांदा देते आणि जवळजवळ थांबते. वादळात करतात. आम्ही ते एका मुलीला लंगडी घालता यावी म्हणून केलं. तेवढ्या वेळात मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते आणि डोक्यात नको ते. १९६१ साली अंटार्क्टिकात लिओनिद रोगोझोव या सोव्हिएत डॉक्टरने स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं होतं. तिथल्याच व्हिया लास एस्ट्रेयास या चिलीच्या वस्तीत मुक्कामाला जायचं तर मुलांचंसुद्धा अपेंडिक्स आधी काढून घ्यावं लागे. निघायच्या आधी हे वाचून मी म्हणाले होते, ‘अतीच करतात.’

नाव शांत झाली. डाव्या-उजव्याचा तो खडखडाट थांबला, आणि मुलगी म्हणाली, ‘पोहोचलो?’

टेबलाची कड धरून तिने उडी मारली. एक. दोन. तिसरीला रडली. कुठे दुखलं विचारलं तर म्हणाली, सगळीकडे. पायपण.

डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, पण खात्री देत नाही. दर चार तासांनी फोन करा, घोट घोट पाणी द्या, अँटिबायोटिक हाताशी ठेवा, मी सांगेपर्यंत देऊ नका. ते चार-चार तास कसे गेले ते मी सांगणार नाही. दुसऱ्या रात्री तिचं पोट साफ झालं, आणि सकाळी तिने बटाटा मागितला. पुढे किनाऱ्यावर तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. नेमकं काय होतं, आजही कुणाला ठाऊक नाही.

मागे का नाही फिरलात, असंही विचारतात. हे वारे नेतात, परत आणत नाहीत. कोलंबस १४९२ साली कॅनरीहून याच वाऱ्यांवर निघाला. परतताना त्याला उत्तरेला चढून अझोर्स बेटांवरून यावं लागलं. मधोमध असताना मागे फिरणं हा पुढे जाण्यापेक्षा लांबचा रस्ता असतो. हेलिकॉप्टरची झेप किनाऱ्यापासून काहीशे मैल. एखादं मालवाहू जहाज वळवून बोलावता येतं, पण उसळत्या समुद्रात आजारी मुलीला त्या पोलादी भिंतीवर दोराने चढवणार कोण? आणि चढवलं तरी तिथे सर्जन नसतो.

माझं एक ठेवणीतलं उत्तर होतं: रस्त्यावर अपघात होत नाहीत का? कितीतरी जणांना मी ते तोंडावर फेकलंय. हल्ली ते ओठांवर आलं की गिळते. रस्त्यावर अ‍ॅम्ब्युलन्स येते. पण म्हणून तुम्ही बरोबर ठरता असंही मी म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नात एक गृहीत असतं, की घरी ठेवलेल्या मुलांना काही होत नाही. शिवाय ज्या मुलीची तुम्हाला काळजी वाटते ती रात्रीच्या पहाऱ्यावर माझ्याशेजारी बसून ताऱ्यांवरून दिशा सांगते, ढगाचं बूड काळं दिसलं की ‘शीड कमी कर’ म्हणून बापाला उठवते. हे तुमच्या हिशेबात कधीच नसतं. आणि ती रात्र आठवली की माझ्याही हिशेबात नसतं.

नवरा म्हणतो, सगळं नीट झालं, यंत्रणा चालली, फोन लागला, आणखी काय हवं? मी म्हणते, फोन लागला नसता तर? तो म्हणतो, दुसरा होता. अशा ठिकाणी आमचं बोलणं अडतं. पुढचा टप्पा पॅसिफिकचा आहे, गॅलापागोस बेटं ते मार्केसास बेटं, सुमारे ३००० मैल. त्याने नकाशे काढलेत. मी हो म्हटलेलं नाही. मुलीने मात्र अट घातली आहे: जायचं असेल तर या वेळी डॉक्टरांशी ती स्वतः बोलणार, आई नाही, कारण आई घाबरते.