कंडक्टरला समोरून बघायचं असेल तर

बर्लिनला आलात आणि फिलहार्मोनी सभागृहाचं तिकीट काढायचं ठरवलंत, तर ‘ब्लॉक एच’मध्ये जागा मिळते का ते आधी बघा. हान्स शारून यांनी आराखडा केलेल्या आणि 1963 साली खुल्या झालेल्या या सभागृहात श्रोते वाद्यवृंदाच्या चहूबाजूंनी बसतात. ब्लॉक एच वादकांच्या मागे आहे, त्यामुळे हातातल्या छडीने वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरचा चेहरा थेट तुमच्याकडे. समोरच्या महागड्या खुर्च्यांवरून त्याची नुसती पाठ दिसते.

कसलेल्या वादकांना कुणी ताल धरून द्यावा लागत नाही. कंडक्टरचं खरं काम सूर उमटायच्या आधी होतं. छडी वर जाते त्या एका हालचालीत लय, आवाज, सुरुवात टोकदार की मुलायम, हे सगळं कळलं पाहिजे. फुंकवाद्यांचे वादक त्याच हालचालीबरोबर श्वास घेतात.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभ इथे भल्याभल्यांना घाम फोडतो. ताल 2/4, पण लय इतकी द्रुत की अख्ख्या आवर्तनाला हाताचा एकच ठोका. बेथोव्हेनने नोंदवलेल्या गतीने (मिनिटाला 108 ठोके) तो जेमतेम अर्धा सेकंद टिकतो. त्यातही आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती, मग तीन सूर. छडी खाली येते तेव्हा शांतता असते, आणि आपल्याकडे मुखडा समेवर येतो तसे ते तीन सूर पुढच्या ठोक्यावरच्या चौथ्या सुरावर येऊन पडतात. कंडक्टरने धास्तीने एखादा जादा ठोका दाखवला, की कुणीतरी त्यावरच सुरू होतं. छडीची उचल ढिली पडली, की पहिल्या सुरावर जोर येतो आणि तिन्ही सूर तिस्र जातीसारखे (एका ठोक्यात सारखे तीन) ऐकू येतात. चौथा सूर किती लांबवायचा हे सर्वस्वी त्याच्या हातात. तो तोडण्याची खूण हीच पुढची उचल व्हावी लागते. तिथे हात अडखळला की सगळे अडखळले.

अंतराचाही प्रश्न असतोच. मागची टिंपनी (मोठे नगारे) आणि पुढची पहिली व्हायोलिनं यांच्यात 15 मीटर धरले, तर आवाजाला सुमारे 44 मिलिसेकंद लागतात. मागच्यांनी कानावर विसंबून वाजवलं तर ते हमखास मागे पडतात. त्यांनी छडीच बघायची. शिवाय जर्मन वाद्यवृंदांत सूर छडीच्या किंचित मागून येतो. नवखा पाहुणा कंडक्टर त्याची वाट बघत बसतो आणि लय आणखी ओढली जाते.

मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता 1961 साली पंचविशीत याच सभागृहाच्या बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदापुढे उभे राहिले. हे वादक आपला प्रमुख कंडक्टर स्वतः मतदानाने निवडतात. किरिल पेट्रेंको यांची निवड 2015 ची.

ब्लॉक एचमध्ये फ्रेंच हॉर्न ही पितळी फुंकवाद्यं जरा जास्तच ऐकू येतात, कारण त्यांची तोंडं मागे वळलेली असतात. गायकांचा कार्यक्रम असेल तर मात्र तिकडे बसू नका, शब्द पोचत नाहीत.