दोहाच्या वर्गात आपला कापूस

इथे कतारमध्ये, दोहात शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. त्यामुळे शुक्रवारी सकाळी निवांत बसून गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना हे लिहिते आहे. गावाकडून फोन आला की हमखास एक प्रश्न असतो, "तू तिथं नेमकं शिकवते काय?" दारव्ह्याच्या मावशीला तर अजून वाटतं की मी फक्त इंग्रजी शिकवते. यंदा सांगण्यासारखं खूप आहे, कारण गेले सहा आठवडे माझा पाचवीचा वर्ग आपला कापूस शिकतो आहे.

आमच्या शाळेत आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे. आयबी ही संस्था 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झाली, तिचा प्राथमिक कार्यक्रम 1997 पासूनचा. वर्षभराचं काम सहा मोठ्या सूत्रांभोवती फिरतं आणि प्रत्येक सूत्राला काही आठवडे मिळतात. गणित, भाषा, विज्ञान सगळं त्यातच गुंफायचं. आत्ताचं सूत्र होतं माणसं एकमेकांशी जोडून कामं कशी करतात, वस्तू कशा तयार होतात, त्यामागे कोण राबतं. मी वस्तू निवडली ती मुलांच्या अंगावरचीच, शाळेचा टी-शर्ट.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी कॉलर उलटी करून लेबलं वाचली. बांगलादेश, तुर्की, भारत. चोवीस मुलं आणि तेरा देश, त्यामुळे आपल्या देशाचं नाव निघालं की टाळ्या. मग एका मुलाने विचारलं, "मिस, शिवला कुठे ते लिहिलंय. कापूस उगवला कुठे ते का नाही लिहिलं?" मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, धुऱ्यावर वाढलेली. वेचणीच्या दिवसांत घरात कापसाच्या ढिगावर झोपलेली. हा प्रश्न मला आजवर एकदाही पडला नव्हता. त्या दिवशी मी ठरवलेला पाठ बाजूला ठेवला आणि हाच प्रश्न फळ्यावर लिहिला. तो सहा आठवडे पुसलेला नाही.

सुटीत सेवाग्रामला गेले होते तेव्हा सूत काढायच्या दोन टकळ्या आणि पेळूंचा, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या गुंडाळ्यांचा, एक पुडा आणला होता. तो आता कामी आला. पेळू चिमटीत धरायचा, टकळीला गिरकी द्यायची, हात अलगद वर न्यायचा. पहिल्या तासाला धागा एकालाही जमला नाही, तुटून तुटून सगळी जमीन पांढरी. सुदानची एक मुलगी, जी वर्गात सहसा बोलत नाही, ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि मधल्या सुटीनंतर वीतभर धागा घेऊन आली. कुठे जाड, कुठे केसासारखा, पण सलग. तिचे आजोबा सुदानमधल्या जझीरा भागात कापूस पिकवायचे, हे तिने तेव्हा सांगितलं. मी तिची दीड वर्षापासूनची शिक्षिका, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

इथल्या प्रशिक्षणात हाताने करून शिकण्याबद्दल फार बोलतात, तेव्हा मला वर्धा आठवतं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. टकळीवरून गणित, कापसावरून भूगोल हे आपल्या मातीत सांगून झालेलं आहे. स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा दोघा-तिघांनी वहीत लिहून घेतलं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

गणिताचा तास सगळ्यात जड गेला. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई, म्हणजे नुसता तंतू निघतो, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे बी. दीडशे ग्रॅमच्या टी-शर्टला म्हणजे अर्धा किलो कापूस धरला. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता. अर्ध्या किलोचे झाले 37 रुपये आणि काही पैसे, पावणेदोन रियालसुद्धा नाहीत. टी-शर्ट 45 रियालचा, म्हणजे हजारावर रुपये. त्यात सूतगिरणी, रंग, शिलाई, जहाज, दुकान सगळ्यांचे पैसे आहेत, हे मुलांना कळतं. तरी वर्ग गप्प झाला. हमीभावही सगळ्यांच्या हाती पडत नाही, दिवाळीच्या गरजेला माल व्यापाऱ्याकडे जातो, हे मी सांगितलं. ते न सांगता पुढे जाणं मला जमलं नसतं.

नोव्हेंबरात एका सोमवारी आपण व्हिडिओ कॉल केला, इथले साडेआठ, तिकडचे अकरा. दादाने फोन घेऊन आईला वावरात गाठलं. आईने वेचताना कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस दाखवला, सीतादही कशी करतो ते सांगितलं, दहीभात, वावरातली पूजा, मग पहिली वेचणी. एका मुलाने तिचे हात बघायला मागितले. आईने बोटं कॅमेऱ्याजवळ नेली. नखांच्या कडेला बारीक चिरा होत्या. "बोंडाचे टोकं लागते ना बाप्पा, मंग बोटं असेच होते. त्याईले सांग, दुखत नाही आता." मी पहिली दोन वाक्यं भाषांतर करून सांगितली. शेवटचं सांगताना माझा आवाज नीट निघाला नाही.

त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेतली आपली पोरं बसली. सरांनी त्यांची तयारी छान करून घेतली होती, त्यांचे मनापासून आभार. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "तुमच्याकडे नदी नाही, मंग पाणी कोठून येते?" समुद्राचं पाणी गोडं करून, असं माझ्या मुलांनी सांगितलं. "त्यातलं मीठ कोठं टाकता?" इथे माझा वर्ग अडला. जानेवारीतला पुढचा प्रकल्प त्या मुलीने ठरवला आहे, तिला आवर्जून सांगा.

आता स्टाफच्या बातम्या. आयर्लंडची माझी सहशिक्षिका जूनमध्ये जाते आहे. इथे करार बहुधा दोन वर्षांचे, आणि पुढच्या वर्षी राहणार की नाही ते हिवाळ्याच्या सुटीआधीच कळवावं लागतं. ऑगस्टमध्ये केनियाचे एक सर येतील. मला पाचवीच्या शिक्षकांची गटप्रमुख केलं आहे, बाबांना मुद्दाम सांगा. आनंद आहेच, पण तिच्या जाण्याचं माझ्या मनाला फार लागलंय. आपल्या गावात गुरुजींनी बापाला शिकवलं आणि लेकालाही. इथे माझ्या वर्गातल्या एका मुलाची ही चौथी शाळा आहे. बातमी कळल्यावर त्याने फक्त विचारलं, "मिस, तुम्ही तरी आहात ना?" मी आहे म्हणाले. करार आणखी दोन वर्षांचा केला, त्यात त्याच्या या प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

जाताना माझ्या सहशिक्षिकेला एक टकळी द्यायची, हे मुलांनीच ठरवलं. तिच्या आजीच्या घरी जवसाच्या झाडाचं सूत काढायचे, म्हणून. दुसरी खिडकीपाशी ठेवली आहे आणि मधल्या सुटीत तिच्यासाठी रांग लागते. पेळू मात्र संपत आलेत. कुणी वर्ध्याकडे जाणार असाल तर दोन पुडे घेऊन दादाकडे ठेवा.