मागची न उघडणारी काच

जानेवारीत गावी गेले होते तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कराडजवळ, गाळप हंगाम ऐन भरात, आमच्या रस्त्यानं रात्रंदिवस उसाच्या डबल ट्रॉल्या चाललेल्या. आण्णांनी गाडी नेहमीसारखी घराच्या कडेला लावलेली. ट्रॉली बोळात वळताना तिच्या लोखंडी अँगलचं टोक गाडीच्या मागच्या कोपऱ्यावरच्या काचेला लागलं. मी आत चहा टाकत होते, आवाज आला तो फुटल्याचा नव्हताच, कुणीतरी बारीक खडी ओतावी तसा आला, आणि बाहेर येऊन बघते तर तिसऱ्या सीटच्या बाजूची काच जागेवर नाहीच. ड्रायव्हर पोरगा खाली उतरून हात जोडून उभा. आण्णा त्याला म्हणाले, "अरे माणसाला लागलं नाही ना, बास झालं, जा तू, मागं लाईन लागलीय." मला आण्णांचं हे फार आवडतं.

आमची एर्टिगा 2014 ची. आण्णांनी ती घेतली तीच सगळ्यांना एकत्र जाता यावं म्हणून, पंढरपूर, गोंदवले, ज्योतिबा, मामाच्या मुलीचं लग्न, सगळीकडं हीच. आणि तिसऱ्या सीटवर उजवीकडं ती काच म्हणजे भाच्याची हक्काची जागा. ही काच खाली होत नाही, उघडत नाही, तिला मोटर नाही की हँडल नाही. पत्र्याला नुसती चिकटवलेली असते. आपल्याकडं काचवाले तिला क्वार्टर ग्लास म्हणतात. उघडत नाही म्हणजे काम सोपं असणार असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, आणि तिथंच चुकलं. दरवाजाची काच खोबणीत बसते, चुकीची बसली तर खाली-वर होताना लगेच कळतं. ही काच चिकटवलेली, त्यामुळं चुकलेलं काम बाहेरून काही कळत नाही, पाऊस पडेपर्यंत तरी नाही.

आधी त्या फुटण्याबद्दल सांगते. पुढची मोठी काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, म्हणून तिला दगड लागला तर तडा जातो, जाळी पडते पण ती जागेवर राहते. बाजूच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत टफन केलेल्या असतात. म्हणजे काच सहाशे डिग्रीच्या वर तापवतात आणि जोरात हवा मारून एकदम गार करतात, त्यामुळं वरचा थर आवळला जातो आणि आतला भाग ताणलेला राहतो. त्यानं ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत होते, पण एकदा का टोकदार काही लागून वरचा थर फुटला की सगळी काच एका क्षणात खड्यांची होते. तेच बरं आहे, कारण त्या खड्यांनी ओरखडे येतात, सुऱ्यासारखे तुकडे होऊन गळा कापत नाहीत. आणि म्हणूनच ही काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, जो काही आकार द्यायचा तो तापवायच्या आधीच. आमच्या शेजारच्या काकांनी आपुलकीनं सुचवलं होतं की खिडक्यांच्या काचवाल्याकडनं साधी काच मापात कापून बसवून टाका, पाच मिनिटांचं काम. कृपा करून कुणी असं करू नका, त्या काचेशेजारी आपलंच लेकरू बसणार असतं.

खडे काढताना एक गोष्ट कळली, हातानं झाडायचंच नाही. मी झाडायला गेले आणि तळहाताला बारीक चिरा पडल्या. व्हॅक्यूम क्लीनर आणि जाड हातमोजे, दुसरा उपाय नाही. सीटच्या फटीत, बेल्टच्या बक्कलमधे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाजूच्या प्लास्टिकच्या ट्रिमच्या मागं खाली पत्र्याच्या पोकळीत खडे जातात, ती ट्रिम उघडल्याशिवाय निघत नाहीत, आणि नाही काढले तर प्रत्येक खड्ड्यात खुळखुळ्यासारखे वाजतात. तोवर भोकावर जाड प्लास्टिक लावलं, पेंटवर फक्त मास्किंग टेप वापरली. ती पॅकिंगची खाकी टेप उन्हात दोन दिवस राहिली की तिचा गोंद पेंटवर बसतो आणि रॉकेलनं पुसत बसावं लागतं.

इन्शुरन्सचं पण बोलायला पाहिजे कारण घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. दादाचं म्हणणं पॉलिसी फुल्ल आहे तर क्लेम टाका. काचेवर घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्यानं घटलेली किंमत, कापत नाहीत हे खरंय, प्लास्टिक-रबरच्या पार्टवर पन्नास टक्के कापतात पण काचेवर शून्य. पण दोन गोष्टी बघायच्या. एक, दीड हजार सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला प्रत्येक क्लेममधे हजार रुपये आपल्या खिशातले जातातच, आमची 1373 सीसीची पेट्रोल, म्हणजे हजार गेले. दुसरं एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न करता पाच वर्षं गेली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर 50% सूट मिळते, आणि एक क्लेम टाकला की ती परत शून्यावर, मग पुन्हा 20, 25, 35, 45 असं चढायचं. आण्णांचा एनसीबी पूर्ण 50 वर. काचेचा सगळा खर्च अंदाजे तीन हजार, त्यातले हजार आपलेच, म्हणजे दोन हजारासाठी पुढची कितीतरी वर्षं सूट घालवायची. एनसीबी वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, आमचं नव्हतं. खिशातनंच करायचं ठरलं.

आता चुकीची गोष्ट. रविवारी मामेबहिणीच्या दिराचं लग्न होतं, गाडी लागणारच होती, म्हणून शुक्रवारी जवळच्याच एका दुकानात गाडी नेली. काच मिळाली, नवी होती, कोपऱ्यात आयएसआयचा मार्क आणि आयएस 2553 हा सेफ्टी काचेच्या मानकाचा नंबर छापलेला, तेवढं मी बघून घेतलं. त्यानं आधी गडद काळी काच दाखवली होती, "लूक येतो ताई" म्हणून. मी नाही म्हणले. बाजूच्या काचेतनं निदान 50% उजेड पार झाला पाहिजे असा नियम आहे, पुढच्या आणि मागच्या काचेला 70%, आणि नियम सोडा, एकाच गाडीत एक काच काळी आणि बाकीच्या हिरवट हे मला बघवलं नसतं. पण काचेकडं एवढं लक्ष दिलं आणि ती कशानं चिकटवतोय ते बघितलंच नाही. त्यानं जुन्या गोंदाच्या राहिलेल्या पट्टीवरच ट्यूबमधनं पांढुरकं सिलिकॉन ओढलं, काच दाबली, कडेनं बोट फिरवलं, अर्ध्या तासात गाडी हातात. गाडीत व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता, मला वाटलं नवीन काम आहे, जाईल. तो वासच मोठा इशारा होता हे जूनमधे कळलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन. गाडीत कुबट वास येतोय, तिसऱ्या सीटखाली पाय ठेवला की कार्पेट पचपच करतंय. मी पुण्याहून गेले, कार्पेट उचललं तर खालचा फोम भिजून स्पंजासारखा, सीटच्या बोल्टाला तांबूस गंज. आण्णा काही बोलले नाहीत, नुसते फोम हातानं पिळत बसले. ती गाडी ते दर रविवारी स्वतः धुतात. मला खूप वाईट वाटलं, कारण दुकान मी निवडलं होतं आणि घाई माझी होती.

मग कोल्हापुरातल्या एका मैत्रिणीनं उद्यमनगरातल्या एका चाचांकडं पाठवलं. वय साठीच्या पुढं असेल, सगळी हयात गाडीच्या काचा बसवण्यात गेलेली. त्यांनी काचेच्या कडेला नख लावलं, वास घेतला आणि म्हणाले, "काच चांगली हाय की पोरी, चिटकवणं चुकलंय." अख्ख्या प्रकरणाचं निदान एवढंच.

चाचांचं म्हणणं असं की ही काच पीयूनंच बसवायची, म्हणजे पॉलियुरेथेन. ते घट्ट चिकटतं आणि वाळल्यावर रबरासारखं लवचिक राहतं, गाडी खड्ड्यात पिळवटली की पत्रा आणि काच दोन्ही हलतात ते ते सोसतं. सिलिकॉन बाथरूमच्या फरशीला ठीक. आणि त्या आंबूस वासाच्या सिलिकॉनमधनं वाळताना ॲसिड सुटतं, ॲसेटिक, तेच व्हिनेगरमधलं, ते पत्र्याला गंजवतं. वरनं सिलिकॉनचा जरा जरी थर राहिला तर त्याच्यावर ना पीयू धरतं ना पेंट धरतो. म्हणून पहिलं काम चुकीचं झालं की दुसऱ्या कामाला दुप्पट मेहनत, आणि दुसऱ्याच्या चुकीची मेहनत चाचा करत होते तरी एकदाही कुणाला नावं ठेवली नाहीत.

काम बघायला मी तिथंच स्टुलावर बसले. आधी आतली ट्रिम उघडली, सीटबेल्टचा बोल्ट सोडवला, क्लिपा एकेक करून डबीत ठेवल्या, पोकळीतनं जानेवारीतले मूठभर खडे निघाले. मग दोन्ही टोकांना लाकडी मूठ असलेली बारीक स्टीलची तार फटीतनं आत घातली, चाचा बाहेरनं, त्यांचा पोरगा आतनं, करवतीसारखी ओढत ओढत चारी बाजूनं काच सोडवली. अख्खी निघाली. नंतरचे जवळजवळ दोन तास नुसतं खरवडणं आणि पुसणं. सिलिकॉनचा कण न् कण. खालच्या बाजूला बोटभर लांबीचा गंज होता तो पॉलिश पेपरनं पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासला, प्रायमर मारला, वर पेंटचा हात दिला आणि वाळायला ठेवला. म्हणाले, कंपनीची जुनी पीयूची पट्टी नीट असती तर ती सगळी काढायचीच नव्हती, ब्लेडनं एक-दोन मिलिमीटर राखून कापायची, कारण नवीन पीयू सगळ्यात छान धरतं ते जुन्या पीयूलाच. आमच्यात सिलिकॉन शिरल्यामुळं तीही गेली.

काचेच्या कडेला जो काळा पट्टा असतो ना, मला आजवर ती डिझाईन वाटायची. तो भाजून पक्का केलेला रंग असतो आणि त्याचं मुख्य काम मागच्या पीयूला ऊन लागू न देणं. उन्हानं पीयू कुजतं. त्या पट्ट्यावर काचेचा प्रायमर फिरवला, तो सुकू दिला, आणि मग गन घेतली. नोजलला व्ही आकाराची खाच पाडलेली, त्यामुळं पीयूची पट्टी त्रिकोणी उभी पडते, बोटभर उंचीची, आणि काच दाबली की ती चपटी होऊन दोन्हीकडं सारखी पसरते, मधे हवेचं भोक राहत नाही. चाचांनी ती पट्टी एका दमात, हात न उचलता पूर्ण फिरवली, जिथं सुरू केली तिथंच थोडी वर चढवून संपवली. जोड खालच्या बाजूला येऊ द्यायचा नाही, पाणी तिथंच साचतं. मग सक्शन कपानं काच उचलून एकदाच बसवली. वरची साय धरायच्या आत बसवायला लागते, दहा-पंधरा मिनिटांत, आणि एकदा टेकवली की उचलून परत ठेवायची नाही. टेप मारली चार ठिकाणी.

आणि मग थांबणं. पीयू हवेतल्या दमटपणानं वाळतं, बाहेरनं आत, दिवसाला दोन-चार मिलिमीटर. मला वाटत होतं पावसाळ्यात हे काम होणारच नाही, पण जागा कोरडी आणि डोक्यावर पत्रा असला की दमट हवा उलट बरी. चाचांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. देताना आण्णांना फोनवर बजावलं, दोन दिवस टेप काढायची नाही, आठवडाभर प्रेशरनं धुवायची नाही, आणि एक काच बोटभर उघडी ठेवूनच दरवाजा लावायचा. सगळ्या काचा बंद असताना दरवाजा आपटला तर आतली हवा नवीन काचेला बाहेर ढकलते. आण्णांनी हे इतकं मनावर घेतलं की अजूनही आधी काच खाली करतात, मगच दरवाजा लावतात. फोम आणि कार्पेट आईनं माडीवर पत्र्याखाली फॅन लावून चार दिवस वाळवलं.

मजुरी आणि माल मिळून 1800 झाले. पहिल्या वेळचे 2600 धरून 4400. काच एकच, पैसे दोनदा.

टेस्ट कशी करायची तेही चाचांनीच शिकवलं. पाईप जोरात मारायचा नाही, नुसतं पाणी ओघळू द्यायचं, आणि सुरुवात खालच्या कडेपासून करायची, हळूहळू वर जायचं, प्रत्येक ठिकाणी मिनिट-दोन मिनिटं. वरनं सुरू केलं तर पाणी सगळीकडंच ओघळतं आणि शिरतं कुठनं तेच कळत नाही. आत एक जण टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसलेला पाहिजे, ट्रिम लावायच्या आधी. हे आम्ही दहाव्या दिवशी घरी केलं, आण्णा बाहेर पाईप धरून, मी आत.

मग जुलैत कोल्हापूरहून गगनबावड्याला गेलो, सगळे. त्या दिवशी असला पाऊस होता की घाटात वायपर फुल्ल करूनही दिसत नव्हतं. भाचा त्याच्या जागेवर, मागं उजवीकडं, आणि त्याला मी टिश्यू देऊन ठेवला होता. दर पाच मिनिटांनी तो काचेच्या खालच्या कडेवरनं टिश्यू फिरवायचा आणि मागनं ओरडायचा, "आबा, कोरडा!" आण्णा आरशात बघून मान हलवायचे. घाटमाथ्यावर गाडी थांबवून गरम भजी घेतली, तेव्हा तो टिश्यू त्यानं आण्णांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.